वसुधाबाई आल्या तर सुरमई आणू नका

नाहूर, रविवार

तीर्थस्वरूप धोंडूमामा आणि मामी यांच्या पाया पडून राजेश लिहितो की, आम्ही इकडे बरे आहोत. मामा, तुमचा गुडघा काय म्हणतो? आंबा यंदा चांगला धरला असं कळलं (नुसतं कळलंच, पेटी काही आली नाही, असो).

कंपनीनं पगार कापल्यापासून श्रुतिकाच्या शाळेची फी झेपेनाशी झालीय. जूनपर्यंत कुठून मदत मिळाली नाही तर तिचं नाव काढावं लागेल, आणि त्या शाळेच्या गच्चीवर दुर्बीण आहे हो. शनीची कडी बघून आल्यापासून पोरगी घरात तरंगतच चालते. मीही तसाच. पवईच्या एका ट्रस्टकडे अर्ज घेऊन निघालो आणि बसच्या खिडकीशी मला ती मोठी झालेली दिसली, कुठल्याशा डोंगरावरच्या वेधशाळेत, शाल पांघरून आम्हाला एकेक तारा दाखवताना (वनमाला, आईच ती, तिथेही तिला "जेवलीस का?" विचारत होती). भानावर आलो तर पवई कधीच मागे गेलेली, बस आरे कॉलनीत आणि खिडकीबाहेर म्हैस. तिनं माझ्याकडे जसं पाहिलं, तसंच पुढे ट्रस्टच्या शिपायानं पाहिलं.

या ट्रस्टच्या वसुधाबाई घरी येऊन परिस्थिती बघतात. मी वनमालेला बजावलं होतं, घर आहे तसं राहू दे. पण माणूस येणार म्हटल्यावर आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला काय सांगू! शेजारच्या शर्मिष्ठावहिनींचा सोफा आला, काचेचे पेले आले, मागोमाग सुरमई आली. मी कुरकुरलो तर म्हणते, "दारात इल्ल्या माणसाक उपाशी धाडूचा?" वसुधाबाईंनी सोलकढी मागून मागून घेतली, सोफ्यावर जरा डोळाही लागला त्यांचा. सोफा उसना आहे असं मी हळूच सांगितलं, तर हसून म्हणाल्या, किती हो साधे तुम्ही. कुटुंब खाऊनपिऊन सुखी दिसतंय, असं त्यांचं मत पडलं. वर, निघताना मलाच देणगीदार व्हा म्हणाल्या, आणि मामा, खोटं कशाला बोलू, स्टेजवर शाल-श्रीफळ घेताना मी मला क्षणभर दिसलोसुद्धा.

एकूण वाट लागली. श्रुतिकाला अजून सांगितलेलं नाही. ती गॅलरीत आभाळाकडे बघत बसते.

तुमचा भाचा,
राजेश

ता. क. : वसुधाबाईंनी शेवटचा निर्णय अजून दिलेला नाही. पुढच्या महिन्यात त्या देवगडला फिरायला येतायत, तेव्हा आपलं गावचं घर बघून काय ते ठरवणार. खरं तर तेवढ्यासाठीच हे पत्र. भिंतींना नवा रंग दिलाय ना, तिथे झावळ्या रचून ठेवा. फ्रीज शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवा. मामींना म्हणावं कोरा चहा, बास. सुरमई नको. आंबा तर नजरेलाही पडू देऊ नका.

आणखी एक ता. क. : पत्र श्रुतिकानं वाचलं. मला वाटलं, रडेल. तर म्हणाली, "बाबा, त्या एवढ्या लांब जाणार आणि मामीआजीच्या हातचं न जेवता येणार? शनी काय पळून जात नाही." तेव्हा मामा, वरचं सगळं रद्द. सुरमई आणा, चांगली मोठी बघून आणा. आणि जेवणं झाली की दिवे मालवून वसुधाबाईंना थोडा वेळ अंगणात बसवा. श्रुतिका म्हणते, तिथून खूप तारे दिसतात.