जंगलातल्या वळणावरचा हॉर्न

सांता क्लारा, रविवार दुपार

चि. देवदत्त यास श्रीरामचे अनेक आशीर्वाद. (तू त्रेसष्ट वर्षांचा झालास हे ठाऊक आहे, पण मेहुणा पत्रात चिरंजीवच असतो.) गुडघा कसा आहे? नागपूरचं ऊन उतरलं का? इकडे सगळे खुशाल. तुझी शुभाताईही मजेत आहे, कालपासून माझ्याशी बोलत नाही एवढंच. तिच्याकडून तुला भलतंसलतं कळण्याआधी खरी हकीकत लिहितो.

महिना झाला, आमची आश्लेषा मला तिच्या गाडीच्या किल्लीला हात लावू देत नाही. ज्याने तीस वर्षं आरटीओच्या मैदानावर अर्ध्या नागपूरची परीक्षा घेतली, त्याला लेक सांगते, "बाबा, इथे नको." शेवटी नातीला, आन्याला, दया आली. (एकोणीस वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत.) इथल्या सरकारी जंगलात काही कच्च्या वाटा हौसेने गाड्या पळवायला खुल्या असतात. जाडजूड चाकं, काचा नाहीत, दाराच्या जागी जाळी आणि वरून लोखंडी पाइपांचा पिंजरा, अशी गाडी दिवसभर भाड्याने मिळते. काल ती घेतली. स्टीअरिंगवर मी, शेजारी आन्या, मागे तुझी ताई मांडीवर थालीपिठांचा डबा घेऊन. हेल्मेट सक्तीचं. ते अंबाड्यावर बसेना, म्हणून तिला अंबाडा सोडावा लागला. तिचा राग बहुधा तिथूनच सुरू झाला असावा.

गाडी देणाऱ्या मुलीने नियम वाचून दाखवले. वाट सोडू नका, घोडे दिसले की थांबून इंजिन बंद करा, वगैरे. मी न ऐकताच सही केली. वाहतुकीचा कायदा मला कोण शिकवणार? आणि गाडी मी उत्तम चालवली हे आधी नोंदवतो. ओढा ओलांडला, दगडांवरून चढवली, इंजिन एकदाही बंद पडू दिलं नाही. मग पलीकडचं न दिसणारं वळण आलं आणि लक्षात आलं की गाडीला हॉर्नच नाही! वळणावर हॉर्न न देणाऱ्याला मी जन्मात पास केलेलं नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? मी छाती भरून श्वास घेतला आणि तोंडानेच पोंऽ पोंऽ करत निघालो. "आजोबा, प्लीज स्टॉप, इट्स अ फॉरेस्ट!" असं आन्या म्हणत होती. चार वळणं निर्विघ्न पार पडली.

पाचव्यावर दोन घोडे होते. एक माझ्या आवाजाने मागच्या पायांवर उभा राहिला, वरच्या बाई त्याच्या मानेला लटकल्या. मी प्रसंगावधान राखून गाडी डावीकडे घातली, ती वाट सोडून थेट ओल्या कुरणात, निम्मी चाकं चिखलात. कुणाला काही लागलं नाही. थालीपिठं मात्र गवतभर पांगली. घोड्याने शांत झाल्यावर एक हुंगलं आणि सोडून दिलं.

मग जंगलखात्याची एक तरुण अधिकारी आली. हातात मी परीक्षा घेताना धरायचो तसंच पॅड. वळणावर का ओरडत होतात, असं तिने अगदी अदबीने विचारलं. मी तीस वर्षांची नोकरी सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं, लिहून घेतलं आणि म्हणाली की परत जाताना नात चालवेल. देवदत्त, मला मैदानावरून परत पाठवलं रे. फार लागलं ते.

मी मागे रिकाम्या डब्याशेजारी बसलो. आन्या प्रत्येक वळणाआधी वेग कमी करायची, कानोसा घ्यायची आणि मग गाडी वळवायची. हॉर्नची तिला आठवणही झाली नाही. तूही अगदी तसाच वळायचास.

तुझे भाऊजी,
श्रीराम

ता. क. वर प्रसंगावधान लिहिलं आहे ते आन्याचं. स्टीअरिंग तिने ओढलं. मला घोडे दिसलेच नव्हते.

ता. क. दुसरा. ताई कालपासून एकच वाक्य बोलली, की यापुढे मी चालवत असलेल्या गाडीत ती बसणार नाही. तेव्हा आम्ही परत येईपर्यंत शिकाऊ लायसन्स काढून ठेव. तुला तीनदा नापास केलं ते हॉर्नसाठी नव्हे. मेहुण्याला पास केलं असं ऑफिसात कुणी म्हणू नये म्हणून. चौथ्या परीक्षेला तू आलाच नाहीस, मी मैदानावर दुपारपर्यंत थांबलो होतो. आता गाडी माझी, चालवणारा तू, शेजारी मी. वळणावर हॉर्न दिला नाहीस तरी चकार शब्द काढणार नाही. (फार तर एकदा.)