आलिशान गाडी दारात असूनही गरीब असल्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
शैक्षणिक फी-सवलत विभाग,
दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताला.

विषय : माझ्या दारातील आलिशान गाडी ही संपत्ती नसून आपत्ती असल्याचे मान्य करून मुलीची फी-सवलत पूर्ववत करण्याबाबत.

संदर्भ : आपले नामंजुरीचे पत्र क्र. ४१८.

महोदय,

मी आपल्या कार्यालयाच्या फाटकाबाहेर टाइपरायटर घेऊन बसणारा अर्जलेखक आहे. सव्वीस वर्षे दुसऱ्यांचे अर्ज लिहिले, स्वतःसाठी हा पहिलाच. आपल्या कार्यालयाचा प्रिंटर वर्षानुवर्षे बंद असल्याने आपली पत्रेही शिपाईभाऊ माझ्याकडेच आणतात. संदर्भातील नामंजुरीचे पत्रही मीच टाइप केले. टाइप करताना मजकूर वाचायचा नाही, वाचू लागले की हात मंदावतो, अशी माझ्या गुरूंची शिकवण आहे. त्यामुळे माझ्याच मुलीची सवलत बंद झाल्याचे मला चार दिवसांनी, ते पत्र घरी आल्यावर समजले.

नामंजुरीचे कारण "अर्जदाराकडे आलिशान मोटार असल्याने तो सधन आहे" असे दिले आहे. याबाबत पुढील खुलासा सादर करतो.

१. सदर गाडी दीड वर्षापूर्वी माझ्या मेहुण्याच्या सल्ल्याने जुनी घेतली. "दाजी, नव्या स्कूटरच्या दुप्पट पैशात हत्ती मिळतोय, लग्नाला भाड्याने देऊ," असे तो म्हणाला. दलालाने सांगितले की गाडी एकहाती, जपून वापरलेली, एक रुपयाचे काम नाही. हत्ती मिळाला हे खरे. तो पोसावा लागतो, हे मेहुणा सांगायचा राहिला.

२. या गाडीला स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या आहेत. पहिल्याच भाड्याला, मंगल कार्यालयाच्या दारात, नवरदेव आत बसलेला असताना मागच्या दोन्ही पिशव्यांनी हवा सोडली आणि गाडी हळूहळू खाली बसली. नवरदेवाचे तोंड आभाळाकडे झाले. त्याच्या वडिलांनी भाडे तर दिले नाहीच, वर अपशकुन केला म्हणून मला चार माणसांत सुनावले. पिशव्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर रात्रंदिवस धडपडून पुढे जळाला. नव्याची किंमत ऐकून मी दुकानदाराला दोनदा विचारले, की ही कॉम्प्रेसरची आहे की गाडीची.

३. गाडीचे काम आमच्या गल्लीतला मेकॅनिक पाहतो. त्याला सगळे सर्जन म्हणतात, कारण बॉनेट उघडले की काहीतरी काढल्याशिवाय तो बंद करत नाही. त्याच्या निदानानुसार इंजिनचे पाणी गळते, ऑइल गळते आणि आतली चेन सैल झाल्याने ती खडखडते. चेनची किंमत फार नाही. पण तिथपर्यंत हात पोचण्यासाठी सगळे इंजिन खाली उतरवावे लागते आणि मजुरी त्याची आहे. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. शिवाय छताच्या काचेची पाणी जाण्याची नळी तुंबून पाणी गालिच्याखाली, वायरींवर उतरले. तेव्हापासून ब्रेक दाबला की मागचा वायपर फिरतो.

४. विकत का नाही, असे आपण विचाराल. भंगारवाला म्हणतो, न्यायला क्रेन लागेल, तिचे भाडे तुम्ही द्या.

५. आपले पाहणी लिपिक चौकशीला आले, तेव्हा खात्री करण्यासाठी ते आत बसले. बॅटरी उतरली, चारही दारे आपोआप कुलूपबंद झाली आणि काच बोटभर उघडी राहून अडकली. सर्जन येईपर्यंत ते दीड तास आत होते. माझ्या पत्नीने त्या फटीतून रबरी नळीने त्यांना पाणी पाजले. एवढे भोगून त्यांनी अहवालात लिहिले, "आसने अस्सल चामड्याची असून दीर्घकाळ बसण्यास अत्यंत आरामदायी आहेत." या माणसाबद्दल मला आजही आदर आहे.

६. माझी मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वीस तारखेपर्यंत पूर्ण फी न भरल्यास तिचे नाव कमी होईल. ती वर्गात पहिली असते. आठ दिवस ती माझ्याशी धड बोललेली नाही, फक्त एकदा म्हणाली, "बाबा, तुम्ही जगाचे अर्ज लिहिता आणि घेताना एक कागद वाचत नाही?" गाडीच्या सगळ्या बिलांपेक्षा मला ते लागले.

७. म्हणून आयुष्यात प्रथमच वाचायला बसलो. प्रत्येक टाइप केलेल्या कागदाची कार्बन प्रत मी पत्र्याच्या पेटीत ठेवतो. पेटीच्या तळाशी गाडीच्या कंपनीला केलेला तीन पानी तक्रार-अर्ज सापडला. गाडीचा क्रमांक माझ्याच गाडीचा आहे. पिशव्या, कॉम्प्रेसर, पाणी, ऑइल, चेन, वायपर, सगळे क्रमवार दिले आहे. तारीख मी गाडी घेतली त्याच्या अकरा दिवस आधीची आहे. घाईचे काम म्हणून मी दीडपट दर घेतला होता, असेही कोपऱ्यात नोंदले आहे.

म्हणजे गाडीचे सर्व दोष मी स्वतःच्या बोटांनी, एकही चूक न करता टाइप केले, आणि नंतर तीच गाडी विकत घेतली. या मूर्खपणाचा दोष मी कोणालाही देत नाही.

तथापि, त्या अर्जाखाली कार्बनमधून उमटलेली सही आपली आहे. गाडी कागदोपत्री आपल्या सौभाग्यवतींच्या नावे असल्याने मला तेव्हा उलगडा झाला नाही. शेवटच्या परिच्छेदात आपण लिहिले आहे, "या गाडीपायी माझ्यासारख्या वरिष्ठ अधिकाऱ्यावरही भिकेला लागण्याची पाळी आली आहे." माझ्या आर्थिक स्थितीचा याहून सबळ पुरावा मला मिळणार नाही. ज्या गाडीने अधीक्षक भिकेला लागतो, तिच्यामुळे बाकड्यावरचा टायपिस्ट सधन कसा होतो, एवढेच कृपया कळवावे.

तरी सवलत वीस तारखेच्या आत पूर्ववत करावी. अर्ज नामंजूर करावयाचा असल्यास कारण लेखी द्यावे. ते पत्र टाइपिंगसाठी माझ्याकडेच येईल. या वेळी मी ते वाचून टाइप करीन, आणि आपल्या वरिष्ठांसाठी एक कार्बन जास्त लावीन.

आपल्याच फाटकाबाहेरचा, आपला नम्र,
(सही)
अर्जलेखक

दिनांक : ११ जून

सोबत :
१. कॉलेजची फीची नोटीस.
२. सर्जनची बिले, नऊ.
३. आपल्या तक्रार-अर्जाच्या कार्बन प्रतीची झेरॉक्स, पाने तीन. कार्बन प्रत पेटीत सुरक्षित आहे.