चळत आणि रांग

३ मार्च
आज पार शोभा झाली! साहेबांनी सहज विचारलं, "स्टॅक आणि क्यू यात फरक काय गं?" इतकी वर्षं प्रोग्राम लिहितेय – सगळं बघून बघून, ठोकून ठोकून शिकलेलं. चालतं, पण का चालतं ते विचारू नका! साहेब हसले नाहीत, तेच जास्त लागलं. घरी येताना मी एक जाडजूड जुनं पुस्तक घेऊन आले. मुळापासून शिकायचं.

६ मार्च
स्टॅक म्हणजे ताटांची चळत – शेवटी ठेवलेलं ताट आधी उचलायचं. क्यू म्हणजे रांग – जो आधी आला त्याचा नंबर आधी. एवढंच! एवढ्यासाठी मान खाली घालावी लागली!
दादा बूट चढवता चढवता: "काय पंडितबाई, झाला का अभ्यास?" तो बोगद्यात खोदाईवर, मी वरच्या ऑफिसात. एकाच गेटातून आत जातो, मग तो खाली आणि मी वर.

१० मार्च
धडा डोक्यातून जाईना. बोगद्यातले इशारे – भिंत, पाणी, पंखे, धूळ – कंट्रोल रूमच्या पडद्यावर येतात, घंटा होते, पण एका वेळी दिसतो एकच. ऑपरेटर काकू वरचा वाचतात, खाली कळवतात, पुसतात. आज तो जुना प्रोग्राम उघडून बघितला. चळत आहे! नवा इशारा येतो आणि वर बसतो. काकू तो पुसतात तोवर त्यावर आणखी एक. मग तळाशी काय पडलंय?

११ मार्च
तळ बघितला. उत्तरेकडच्या भिंतीचा इशारा – गेल्या आठवड्यातला. त्याच्यावर पुन्हा त्याच भिंतीचा. कुणी वाचलेलेच नाहीत. दादाची टोळी त्याच बाजूला आहे.
साहेबांना ओढतच पडद्यासमोर आणलं. त्यांनी काम थांबवलं.

१२ मार्च
भिंतीला तडा होता. आत हात जाईल एवढा. टेकू लावले म्हणे.
दादा घरी आला. माझ्या डोक्यावर हात ठेवला. वहिनी रडली. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "हिच्यामुळे वाचलो." आणि मग – "बदलून टाक तो प्रोग्राम!"

१४ मार्च
बदलला. चळतीची रांग केली. आता सगळ्यात जुना इशारा आधी दिसणार, तो पुसल्याशिवाय पुढचा येणारच नाही. तळाशी काहीच सडायचं नाही. किती सुटसुटीत!
साहेबांनी उघडूनही पाहिला नाही. "तू केलंयस ना? मग बघायचं काय!" ऐकून बरं वाटायला हवं होतं.

१७ मार्च
काकू कुरकुरतात. "आधी घंटा झाली की वर बघायचं, संपलं. आता घंटा होते एकाची आणि पडद्यावर असतं भलतंच!"
"होईल सवय," मी म्हटलं.
"सवय होईल गं. पण घंटा झाली की छातीत धस्स होतं. कशाची ते कळतच नाही."
बायका नव्याला अशाच बिचकतात. मी तरी वेगळी कुठे होते!

१८ मार्च
दिवसभर घंटा. सगळे बारीकसारीक इशारे. पंखा अडकला, धूळ वाढली. काकू जेवायलाही उठल्या नाहीत. रांग किती लांबलीय ते विचारावंसं वाटलं, विचारलं नाही.

२० मार्च
बोगद्यात पाणी शिरलं. दादाला ओढून काढलं – पाय चेचलाय, पण जिवंत आहे. त्याच्या टोळीतले दोघे वर आलेच नाहीत.

२३ मार्च
चौकशी झाली. काकूंना घरी बसवलं – इशारा वेळेवर कळवला नाही म्हणून. जाताना त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं. प्रोग्रामचं कुणी विचारलं नाही. मीही तोंड उघडलं नाही.

२५ मार्च
दवाखान्यात. दादा आज पहिल्यांदा बोलला. "पाण्याचा इशारा आलाच नव्हता का गं?"
वहिनी डबा उघडत होती, ती थांबली.
मी सांगितलं – आला होता, दादा. वेळेत आला होता. पंख्यांच्या आणि धुळीच्या मागे, रांगेत उभा होता. ती रांग मी लावली.