विषय अ

१२ फेब्रुवारी १९८९, सकाळ
डायरी, माफी असावी. नऊ पानं कोरी गेली. मंडल पंचायतीच्या प्रधानाला फुरसत कुठली. आजपासून रोज लिहिणार. बीपीची गोळी पण रोज.

१३ फेब्रुवारी
इथलं सरकार कर्नाटकाचं, नोटीस कानडीत आली. आमची शाळा निजामाची, उर्दू चौथी. तरी चष्मा लावून अक्षरं जुळवली: अ विश्वास ठराव. म्हणजे विषय अ, विश्वास ठराव. माझ्यावर विश्वास दाखवणार! विषय ब छापायचा राहिला. ऑफिसचा गलथानपणा. आमची घरवाली सुमनबाई म्हणाली, कुणाकडून तर नीट वाचून घ्या की. कामून? मला येतं. बायकांच्या सीटवर तिला मेंबर मीच केली.

१५ फेब्रुवारी
भीमनगर गल्लीचा मेंबर पिराजी भेटला. म्हणाला, अण्णा, आमच्या गल्लीचा नळ तुमच्या गोठ्याफुडं कामून? म्हणालो, तात्पुरता. म्हणाला, दोन वरसं तात्पुरताच म्हणायलाव, आमच्या बाया चालून दमल्या, तुमच्या म्हशी पोहायला शिकल्या. हसलो. घरी येऊन गोळी घेतली. सोमवारी नळ हलवायचाच.

२० फेब्रुवारी, सोमवार
मिस्त्री आला नाही. बोलवायचा राहिला. सत्काराचा हार सांगितला. भाषण पाठ.

२२ फेब्रुवारी
सभा. उठून विचारलं, विषय ब काय? सेक्रेटरी धोंडप्पा म्हणाला, अण्णा, अ सुटा न्हाई, एकच शब्द हाय त्यो. मग अर्थ सांगितला. मी खाली बसलो. मग हात वर झाले. अकरा. अकराव्या हातात हिरव्या बांगड्या. वाटलं, सुमनबाई पदर सावरायलीय. हात खाली आला नाही.
काही वाटलं नाही. चहा प्यालो. साखर जास्त होती. हार पिशवीतच.

२३ फेब्रुवारी
सुमनबाई कडगंचीला भावाकडं गेली. जाताना म्हणाली, दोन वरसं नळाचं तोंडानं सांगितलं, ऐकू आलं न्हाई. म्हणून हात वर केला.
गोळी घेतली का, आठवत नाही.

२ मार्च
नव्या प्रधानानं नळ भीमनगरात नेला. मिस्त्रीला पाना मीच दिला. म्हणजे मीच हलवला म्हणायचं. म्हशी रिकाम्या जागेकडं बघतात. मी पण.
सुमनबाई, येणार का नाही, भावाकडून दोन ओळी लिहून घेऊन लवकर धाड. चिठ्ठी मराठीत असू दे. आणि अक्षरं जोडून लिहायला सांग.