कमलमावशींचा खण

भंवरकुआं, इंदूर

प्रिय आई,

तुला आणि बाबांना नमस्कार. मी मजेत आहे. मेसवाल्या आंटी पोळीला तूप लावतात. तुझा गुडघा कसा आहे?

फोनवर बाबा शेजारी असतात, म्हणून लिहिते आहे. आमच्या कंपनीला डोंगरावर तलाव बांधायचा आहे. दिवसा उन्हाच्या विजेने पाणी वर चढवायचं आणि रात्री खाली सोडून वीज करायची, म्हणजे अंधार पडल्यावरही कोळसा जाळायला नको. मी याचसाठी शिकले, आणि माझा त्यावर आजही विश्वास आहे.

तलावाच्या जागी एक मराठी वाडी आहे. मला मराठी येतं म्हणून जमिनी सोडायच्या संमतीच्या सह्या घ्यायला मलाच पाठवलं. मी कागद काढायच्या आधीच तिथल्या कमलमावशींनी मला कुंकू लावलं, हातात खण-नारळ दिला. म्हणाल्या, "पहिल्यांदा आलीस. लेकीला रिकाम्या हाताने कशी पाठवू?" कागद पिशवीतच राहिले.

ऑफिसात आमचे साहेब, अर्पित सर, हसले. "अरे वा, बेटी बना लिया? अब तो साइन पक्के. सोमवार को फिर जाओ."

मी नाही म्हटलं तर दुसरं कुणी जाईल आणि त्यांना अर्धंच सांगेल. मी गेले तर लेक म्हणून जाईन. नोकरी सोडावी, तर बाबांनी गल्लीभर पेढे वाटलेत.

बाबांना यातलं काही सांगू नकोस. मला फक्त एवढंच कळव, लेक म्हणून दिलेला खण परत करता येतो का गं?

तुझी,
वैजू