मागच्या सीटचा पट्टा

३ ऑगस्ट
चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.
कपाळाचे टाके काढले का? बाळाला ओरखडासुद्धा नाही हे ऐकून तुझा दादा काल पहिल्यांदा नीट जेवला. अपघाताला आठ दिवस झाले, पण ह्यांच्या खांद्याच्या मागचं हाड जुळायला वेळ लागणार. डॉक्टर विचारत होते, ड्रायव्हरने पट्टा लावलेला, मग पाठीमागून हाड कसं मोडलं? गाडीचे मालक म्हणतात, मागचा पट्टा सैल असणार, म्हणून तू निसटून ह्यांच्यावर आलीस. पट्टे तपासायचं काम गॅरेजच्या मिस्त्रींचं. शनिवारी त्यांना कामावरून काढताहेत. ह्यांना वाईट वाटतंय, जुनी दोस्ती आहे. मी मात्र मालकांना म्हटलं, काढाच.
तुझी काळजी करणारी,
वहिनी

५ ऑगस्ट
ती. वहिनींना साष्टांग नमस्कार.
फोनवर सांगायला गेले की भलतंच बोलून ठेवून देते, म्हणून लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंतची, चुकलंमाकलं समजून घ्या.
पट्टा चांगला होता. मीच लावला नव्हता.
मागून टक असा आवाज आल्याशिवाय दादा गाडी हलवत नाही, तुम्हाला माहीतच आहे. बाळाला त्याने स्वतः बाळाच्या खुर्चीत बांधलं. मग म्हणाला, आता तू. मी पट्टा पाठीमागून अडकवला आणि त्याला टेकून बसले. टक वाजलं, दादा निघाला. बाळाकडे सारखं वाकावं लागतं, पट्टा काचतो, आणि मागे बसणाऱ्याला काय होतंय, असं वाटायचं. दादाला फसवलं म्हणून गालात हसलेसुद्धा.
टेम्पो आडवा आला, दादाने ब्रेक दाबला. त्याला त्याच्या पट्ट्याने धरलं. मी मागून धोंड्यासारखी त्याच्या सीटवर आदळले. वहिनी, त्याचं हाड टेम्पोने नाही, मी मोडलं.
दवाखान्यात त्याने पहिलं हेच विचारलं, पट्टा होता ना? मी हो म्हणून मान हलवली. तेव्हापासून बाळाला पाजायला घेतलं की दोन्ही हातांनी घट्ट धरते. गाडीत ते माझ्या मांडीवर असतं तर, ह्याच्यापुढे विचारच करवत नाही.
मिस्त्रींना काढू देऊ नका. हे पत्र मालकांना दाखवा. दादाला तुम्हीच सांगा, माझ्याने होत नाही.
लोभ ठेवा म्हणायला तोंड नाही, तरी ठेवा.
तुमची,
धाकटी

९ ऑगस्ट
चि. धाकटीस आशीर्वाद.
पत्र दोनदा वाचलं. एकदा रागाने, एकदा मालकांसमोर मोठ्याने. मिस्त्री राहिले. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागून आले, ते मला फार जड गेलं.
तुझ्या दादाला मी काही सांगितलेलं नाही. ते तुझ्याच तोंडून ऐकू देत. त्यांना उजव्या हाताने अजून शर्टाचं बटण लागत नाही, तेही बघ.
रविवारी तुला आणि बाळाला आणायला मिस्त्रीच गाडी घेऊन येताहेत. म्हणाले, तिचा पट्टा मी हाताने ओढून बघितल्याशिवाय निघणार नाही. काय बोलतील ते खाली मान घालून ऐकून घे.
रागावलेली, पण तुझीच,
वहिनी