वेल्डिंगमधला अर्धा ल

२ ऑक्टोबर १९९६, पाथर्डी
आज शोध लागला. डीटीपी सेंटरच्या कॉम्प्युटरवर एक अक्षर मोठं मोठं करत गेलो, तर शेवटी नुसते चौकोन. तिथंच ठरवलं, नुसत्या चौकोनांचा मराठी फॉन्ट करायचा. जाड, राकट, कारखान्यातून काढल्यासारखा. नाव 'पोलाद'. पुण्या-मुंबईचे डीटीपीवाले विचारत येणार. पहिला मान मेहुण्याला, कल्याणला. तो यंदा ऊसतोडीला जाणार नाही. वेल्डिंग शिकून आलाय, दसऱ्याला नगर रोडवर दुकान टाकतोय. धनश्री म्हणाली, माझ्या भावाची पाटी पेंटरकडून करून घ्या. म्हटलं, घरात आर्टिस्ट असताना?

९ ऑक्टोबर
'वेल्डिंग'मधला अर्धा ल चौकोनांत बसत नाही. बराच विचार केला. काढून टाकला. लोक सवयीनं वाचतात. प्रिंटआउट बघून कल्याणनं एवढंच विचारलं, "दाजी, ह्यात ल कुठं हाय?" सांगितलं, मॉडर्न स्टाइल आहे. तो बरं म्हणाला आणि पत्रा कापायला बसला. एकेक चौकोन कापून जोडत होता. बघवेना, म्हणून घरी आलो.

दसरा
पाटी चढली. राकट दिसते. सासरे सहादेवमामा बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, खिडकीची जाळी झकास झालीय. सोडून दिलं. सणाचा दिवस.

२ नोव्हेंबर
गिऱ्हाईक येत नाही असं नाही. काल एक जण 'वेडिंग' वाचून आला. मंडप आणि बँड ठरवायला. मोडके नांगर मात्र सरळ पुढच्या दुकानात जातात. धनश्री म्हणते, ल बसवा. नव्या कलेला लोकांनी वेळ द्यायला पाहिजे. तरी उद्या बसवतोच. कल्याणला तसा शब्द दिलाय.

८ नोव्हेंबर
लाइट नव्हती.

भाऊबीज
कल्याण ओवाळून घ्यायला आला. पाटीबद्दल चकार शब्द नाही. उलट लाडवांचं ताट माझ्याकडं सरकवलं. ऊसतोडीचा मुकादम घरी येऊन गेला, असं धनश्रीला हळूच सांगत होता. मी टीव्हीचा आवाज वाढवला. उद्या पहाटे उठून ल.

१८ नोव्हेंबर
ल जमला. सोपा होता. प्रिंटआउट घेऊन गेलो तर दुकानाला कुलूप. सासुरवाडीला गेलो. दारात सासूबाई एकट्याच. कल्याण आणि त्याची बायको सकाळच्या ट्रकनं ऊसतोडीला कारखान्यावर गेले.

मी म्हटलं, एवढी घाई कशाला केली? वेल्डर तर तोच होता, ल त्यानंच लावायचा.

सासूबाई म्हणाल्या, "ल त्यानं कवाच कापून ठिवलाय. पर तुमाला इचारल्याबिगर लावायचा न्हाई म्हनला. दाजींना वाईट वाटंल म्हनला."

चहा दिला. प्यालो. प्रिंटआउट खिशातच राहिला.

घरी आल्यावर धनश्रीनं विचारलं, बसवला का ल? मी मान हलवली. होकाराची की नकाराची, ते माझं मलाच कळलं नाही.